रुप्याचे छत आणि दिल्लीचे तख्त

दिल्लीच्या लाल किल्ल्यात शिरणारा प्रवासी लाहोरी दरवाजातून छत्त्याच्या बाजारात येतो, नौबतखाना ओलांडतो, दिवाण-ए-आमच्या लाल दगडी मंडपाला वळसा घालतो आणि मग पांढऱ्या संगमरवराच्या एका रांगेसमोर येऊन उभा राहतो. रंगमहाल, खासमहाल, दिवाण-ए-खास आणि हमाम या इमारती येथे पूर्वेकडील तटाला लागून ओळीने उभ्या आहेत. तटाच्या पायथ्याशी पूर्वी यमुना वाहत असे. ती आता दूर सरली असून तिच्या जुन्या पात्रातून रहदारीचा रस्ता गेला आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी राजवाड्याचा फार मोठा भाग पाडून तेथे सैन्याच्या बराकी बांधल्या. आज जे दिसते ते एका नगराएवढ्या वास्तूचे काही अवशेष होत, हे ध्यानात ठेवूनच ते पाहावयास हवे.

या अवशेषांत मराठी प्रवाशाची पावले जेथे विशेष रेंगाळतात, किंबहुना रेंगाळावयास हवीत, ते स्थान दिवाण-ए-खास हे होय. खांबांवरील रंगीत दगडांची फुले, कमानींवर कोरलेली स्वर्गतुल्यतेची फार्सी द्विपदी, मयूरासनाचा म्हणून दाखविला जाणारा संगमरवरी चौथरा, हे सारे पाहून झाले की दृष्टी वर जाते. तेथे रंगविलेली लाकडी तक्तपोशी आहे. वाटाड्याच्या पाठांतरात या जागी एक वाक्य ठरलेले असते: मूळचे छत रुप्याचे होते, ते मराठ्यांनी काढून नेले. श्रोत्यांत बंगाली, पंजाबी, तामीळ मंडळी असली तर हे वाक्य त्यांच्या कानांवरून सहज निघून जाते. मराठी श्रोता मात्र चपापतो. ज्या पूर्वजांचे पराक्रम आठवीत तो येथवर आला, ते या दिवाणखान्यात त्याला छत उतरविणाऱ्यांच्या रूपाने भेटतात. या चपापण्यातून त्याने कसे बाहेर यावे, याविषयी मराठी इतिहासवाङ्मयाने त्याला फारसे साह्य केलेले नाही.

प्रथम वास्तूची हकीकत. शाहजहानने १६३९ मध्ये या किल्ल्याचा पाया घातला आणि १६४८ मध्ये त्याने येथे प्रवेश केला. उस्ताद अहमद आणि उस्ताद हमीद हे येथील प्रमुख वास्तुशिल्पी म्हणून प्रसिद्ध आहेत. दिवाण-ए-खास हा बादशहाच्या खाजगी मसलतीचा मंडप होता. त्याच्या छतावर चांदीचे व सोन्याचे काम होते आणि त्याखाली मयूरासन होते. ते आसन १७३९ मध्ये नादिरशहाने नेले. १७५७ मध्ये अहमदशहा अब्दालीने दिल्ली पुन्हा लुटली. म्हणजे भाऊसाहेबांचे सैन्य १७६० च्या पावसाळ्यात या किल्ल्यात आले तेव्हा मंडप होता, छत होते, पण ज्या आसनासाठी मंडपाची ख्याती झाली होती ते आसन तेथून जाऊन एकवीस वर्षे लोटली होती. ही साधी कालगणना पुढील विवेचनाला फार उपयोगी आहे.

आणखी एक गोष्ट वाटाडे सांगत नाहीत. दिवाण-ए-खासच्या दक्षिणेस रंगमहाल आहे. त्याचेही छत रुप्याचे होते आणि त्यावर सोन्याची फुले होती. सर सय्यद अहमद यांनी १८४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘आसारुस्सनादीद’ या दिल्लीच्या वास्तूंवरील ग्रंथापासून जी माहिती चालत आली आहे, ती अशी की हे छत फर्रुखसियरच्या कारकीर्दीत पैशाच्या निकडीमुळे उतरविण्यात आले व त्याच्या जागी तांब्याचे छत बसविले गेले. पुढे दुसऱ्या अकबरशहाच्या काळी ते तांबेही निघाले आणि लाकूड आले. रुपे, तांबे, लाकूड असा हा उतरता क्रम. पहिले रुपे काढणारा मराठा नव्हता, जाट नव्हता, अफगाणही नव्हता. तो स्वतः बादशहा होता. राजवाड्याच्या छताला मढविलेली चांदी ही त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीने केवळ शोभेची वस्तू नव्हती. ती शोभाही होती आणि साठवणही होती. खजिना भरलेला असेपर्यंत ती छताला असे. रिता झाला की ती टांकसाळीत जाई. ज्या फर्रुखसियरने हे केले, त्याच्याच पदच्युतीच्या धामधुमीत, १७१९ च्या फेब्रुवारीत, बाळाजी विश्वनाथांबरोबर आलेले शेकडो मराठे दिल्लीच्या रस्त्यांत मारले गेले. आणि लगेच मार्चमध्ये चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा पेशव्यांच्या हाती पडल्या. मराठ्यांचा या किल्ल्याशी पहिला महत्त्वाचा संबंध आला तो असा, कागद घेण्यासाठी.

आता १७६० चे छत. या छतापासून किती रुपये पडले? इंग्रज इतिहासकार एल्फिन्स्टन सतरा लक्ष म्हणतो. अन्यत्र नऊ लक्ष हा आकडा आढळतो. दिल्लीविषयीच्या जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत छताची मूळ किंमत एकोणचाळीस लक्ष व वितळवून आलेले रुपये अठ्ठावीस लक्ष असा हिशोब दिलेला असतो. नऊ आणि अठ्ठावीस यांत तिपटीहून अधिक अंतर आहे. आकड्यांच्या या भिन्नतेवरून घटना खोटी ठरत नाही. ती खरी आहे आणि ती नाकारण्याचा प्रयत्न काही मराठी लेखकांनी केला असेल तर तो व्यर्थ होय. परंतु सैन्याच्या पोटाचा विचार करणाऱ्याने मोजलेले रुपे आणि वैभवाच्या ऱ्हासावर उसासा टाकणाऱ्याने मोजलेले रुपे यांचे वजन एक भरत नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते. फार्सी इतिहासलेखक छताबरोबरच निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यातील आणि महंमदशहाच्या कबरीवरील सोन्यारुप्याच्या वस्तू नेल्याचाही दोष भाऊसाहेबांवर ठेवतात. मराठी पुस्तकांतून छताचा उल्लेख कधी कधी येतो. दर्ग्याचा सहसा येत नाही. वाचकाला अर्धेच सांगावयाचे, ही सवय इतिहासलेखनाला शोभणारी नाही.

भाऊसाहेबांची परिस्थिती काय होती हे त्यांच्या पत्रव्यवहारातून कळते. उदगीरचा विजय फेब्रुवारी १७६० चा. मार्चमध्ये फौज परतुडाहून निघाली, जूनमध्ये चंबळ उतरली, जुलैच्या अखेरीस दिल्ली शहरात शिरली आणि ऑगस्टच्या आरंभी किल्ला हाती आला. यमुना दुथडी भरून वाहत होती. अब्दाली पलीकडे अंतर्वेदीत होता. त्यामुळे ज्या अंतर्वेदीतून पैसा यावयाचा तिचा मार्गच तुटला होता. फौजेबरोबर यात्रेकरूंचा आणि कुटुंबकबिल्यांचा मोठा भार होता. अठरा वर्षांचे नाना फडणीसही तीर्थयात्रेच्या इच्छेने आपली माता व पत्नी यांसह याच फौजेबरोबर होते. गोविंदपंत बुंदेले यांना लिहिलेल्या पत्रांत भाऊसाहेब पुनःपुन्हा एकच मागणी करतात: ऐवज पाठवा. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला तो या काळच्या पत्रांचा. त्या खंडाची पाने चाळताना शौर्याची वाक्ये शोधणाऱ्या वाचकाची निराशा होते. तेथे पैका, रसद, वैरण, कर्ज आणि वायदे यांचेच राज्य आहे. या पत्रांतील माणूस छत पाहतो तेव्हा त्याला त्यावरचे नक्षीकाम दिसत नसावे. चढविलेल्या घोड्यांचा आणि तटलेल्या शिपायांचा रोजमुरा त्याला दिसत असावा.

येथे बखर आणि पत्र या दोन गद्यप्रकारांतील भेद नजरेत भरतो. ‘भाऊसाहेबांची बखर’ ही मराठी गद्याची एक थोर कृती आहे, याविषयी दुमत नाही. तिच्यात माणसे बोलतात, एकमेकांना टोचतात, अपमान गिळतात. मल्हारराव होळकरांचा गनिमी लढाईचा सल्ला आणि भाऊसाहेबांचा ताठा यांचे तिने एक नाट्यच उभे केले आहे. परंतु बखरकाराला कारण हवे असते ते स्वभावात. राज्य बुडाले, फौज बुडाली, तर कोणाच्या तरी गर्वाने, कोणाच्या तरी मत्सराने ते घडले असले पाहिजे, अशी त्याची श्रद्धा असते. वैरणीच्या भावाने राज्य बुडते, ही कल्पना बखरीच्या सौंदर्यदृष्टीत बसत नाही. पत्र लिहिणाऱ्याला मात्र परिणाम ठाऊक नसतो. त्याला उद्याची सकाळ गाठावयाची असते. बखरीमुळे मराठी वाचकाला भाऊसाहेब कळले, पण दिल्लीतील ते दोन महिने कळले नाहीत. ते महिने राजवाड्यांच्या खंडात आहेत, आणि तो खंड आनंदाने वाचणारे थोडे.

सुरजमल जाट मराठ्यांना सोडून गेला तो याच सुमारास. छताला हात लावू नका, हवा तर मजकडून पैसा घ्या, असे त्याने विनविले आणि ती विनंती अव्हेरली गेल्यामुळे तो रुसून गेला, अशी कथा सांगितली जाते. कथा चांगली आहे. बखरीच्या वळणाची आहे. वस्तुतः दिल्लीचा ताबा कोणाकडे राहावा, इमाद-उल्-मुल्काला वजिरी मिळावी की नाही, या प्रश्नावर मतभेद झाला होता आणि सुरजमल व इमाद हे दोघेही मराठ्यांपासून दूर झाले. भाऊसाहेबांनी दिल्लीच्या बंदोबस्तास नारो शंकर यांना ठेवले, यावरून मतभेदाचे मूळ कोठे होते ते उघड होते. राजकारणातील हिशोबाची बाब कथेत सौंदर्याच्या रक्षणाची बाब झाली. इतिहासाच्या लोककथांत असे रूपांतर वारंवार होते आणि त्यात प्रत्येक वेळी कोणावर तरी अन्याय होतो. येथे सुरजमलासारख्या चतुर राजकारणी पुरुषाला कलाप्रेमी करून त्याची बुद्धी कमी लेखली गेली आहे.

याहून अधिक मनन करण्यासारखी घटना १० ऑक्टोबर १७६० ची. त्या दिवशी भाऊसाहेबांनी तिसऱ्या शाहजहानला पदच्युत करून, दूर बिहारकडे असलेल्या शाहआलमच्या नावाने द्वाही फिरविली आणि त्याचा पुत्र जवानबख्त याला वलीअहद केले. म्हणजे ज्या हातांनी बादशाही मंडपाचे रुपे उतरविले त्याच हातांनी थोड्याच आठवड्यांत बादशहा बसविला. यात विसंगती दिसते. पण ती भाऊसाहेबांच्या एकट्याची नाही. १७३७ च्या मार्चअखेर पहिले बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत आले होते. शहर जाळण्याचा बेत आपण का सोडला, हे त्यांनी चिमाजीअप्पांना लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. मर्यादा मोडल्याने राजकारणाचा धागा तुटेल, असा त्यांचा अभिप्राय होता. बादशाही मोडावयाची नाही, तिच्या नावाने कारभार आपण करावयाचा, हे अर्धशतकभर मराठ्यांचे सूत्र होते. सनद त्यांना हवी होती आणि सनद देणारा कोणीतरी असल्यावाचून सनद मिळत नाही. बादशाहीचे नाव राखावयाचे आणि बादशाहीचे रुपे मात्र वापरावयाचे, हा त्या सूत्राचाच व्यवहारातला अर्थ होता. छत उतरविणे हा अपवाद नव्हता. ते एका मान्य धोरणाचे, उघड्यावर पडलेले आणि म्हणून ओशाळवाणे वाटणारे टोक होते.

आता मराठी भाषेने या घटनेचे काय केले ते पाहू जाता एक चमत्कारिक गोष्ट आढळते. व्याख्यानांतून, पोवाडेवजा भाषणांतून आणि शाळेतल्या नाटकांतून भाऊसाहेबांनी ‘दिल्लीचे तख्त फोडले’ असे शतकभर ऐकू येत आले आहे. कोणते तख्त? मयूरासन १७३९ मध्येच गेले होते. आणि बादशहाला तख्तावर बसविण्याची खटपट तर भाऊसाहेबच करीत होते. फोडले गेले ते छत. फार्सीतील ‘तख्त’ आणि ‘तख्ता’ हे शब्द जवळचे. मराठीत राजासनाला तख्त म्हणतात आणि फळ्यांच्या छताला तक्तपोशी म्हणतात. तक्तपोशी उतरली आणि भाषेत तख्त फुटले, असा विनोद एखाद्या कोशकाराला सुचला तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु यामागे विनोदापेक्षा अधिक काही आहे. छत काढले म्हणजे पैशाची नड होती असा अर्थ होतो. तख्त फोडले म्हणजे सूड घेतला, सत्ता मोडली असा होतो. पहिल्या वाक्यात लाज आहे, दुसऱ्यात अभिमान. लोकस्मृतीने लाजेचा शब्द टाकून अभिमानाचा उचलला, आणि तसे करताना मराठ्यांचे खरे राजकारणच तिने पुसून टाकले. मराठी राजकीय भाषेत ‘तख्त राखणे’ हाही प्रयोग तितकाच रूढ आहे. एकाच समाजाने त्याच तख्ताविषयी फोडणे आणि राखणे या दोन्ही क्रियापदांचा एकाच अभिमानाने उच्चार करावा आणि त्यातला विरोध कोणाला बोचू नये, ही स्थिती इतिहासाच्या शिक्षणाविषयी फारसे चांगले सांगत नाही.

इतिहासकारांनी हा विरोध उलगडावयास हवा होता. राजवाड्यांनी पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत अपयशाचा बराच भार गोविंदपंत व मल्हारराव यांच्यावर टाकला. रियासतकार सरदेसाई यांनी पानिपतप्रकरणाचा सविस्तर वृत्तान्त दिला. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी १९४६ मध्ये इंग्रजीत आणि १९६१ मध्ये मराठीत त्या मोहिमेचा नव्याने विचार मांडला. या तिघांचे ऋण मोठे आहे. तथापि तिघांचेही लक्ष अखेर १४ जानेवारी १७६१ या दिवसाकडे लागलेले असते. दिल्ली ही त्यांच्या कथनात वाटेतली मजल ठरते. युद्ध कोणी हरविले हा प्रश्न इतका प्रबळ झाला की दिल्ली घेतल्यावर तिचे काय करावयाचे हे मराठ्यांना ठाऊक होते काय, हा प्रश्न मागे पडला. दिवाण-ए-खासमध्ये उभ्या राहणाऱ्याला नेमका हाच प्रश्न पडतो. छताचे रुपे थोडे दिवस पुरले. त्यानंतर फौज कुंजपुऱ्याकडे सरकली, १७ ऑक्टोबरला ते ठाणे जिंकून धान्य व द्रव्य मिळविले, आणि अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून तिच्या पाठीशी आला. फौजेला दिल्लीतून पुढे रेटणाऱ्या कारणांत पोटाचे कारण लहान नव्हते.

मराठ्यांचा या मंडपाशी दुसरा, अधिक दीर्घ संबंध आला तो महादजी शिंदे यांच्यामुळे, आणि त्याची कथा वाटाडे जवळजवळ सांगतच नाहीत. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतली; जानेवारी १७७२ मध्ये शाहआलम त्यांच्या आधाराने आपल्या राजधानीत परतला. ज्याच्या नावाची द्वाही भाऊसाहेबांनी त्याच्या गैरहजेरीत फिरविली होती तो बादशहा सव्वाअकरा वर्षांनी खरोखर येऊन येथे बसला. १७८८ मध्ये गुलाम कादिर रोहिल्याने किल्ला बळकावला, दडलेल्या द्रव्याच्या आशेने महालांच्या जमिनी खणल्या आणि १० ऑगस्टला शाहआलमचे डोळे काढले. मराठी फौजा पोहोचल्या त्या त्यानंतर; ऑक्टोबरमध्ये राणेखान व जिवबादादा बक्षी यांनी दिल्ली सोडविली, डिसेंबरमध्ये गुलाम कादिर पकडला गेला. अंध बादशहाला पुन्हा गादीवर बसविण्यात आले. हा सारा वृत्तान्त मराठी वकिलांच्या पत्रांत आहे. हिंगणे घराण्याने तीन पिढ्या या दरबारात वकिली केली आणि त्यांच्या कागदांतून दिल्लीचे जे दैनंदिन दर्शन घडते ते बखरींत नाही.

शाहआलम कवी होता. ‘आफताब’ या नावाने तो फार्सी व हिंदुस्तानी रचना करी. अंध झाल्यावर त्याने केलेली फार्सी गझल प्रसिद्ध असून तीत त्याने महादजींना पुत्र म्हणून साद घातली आहे. महादजीही भक्तिपर पदे रचीत. एकाच राजकारणाच्या दोन टोकांना दोन पदकार बसलेले आहेत, आणि त्यांपैकी आंधळ्याने डोळस्याला हाक मारलेली कवितेत उरली आहे. महादजींच्या बाजूने मराठीत काय उरले? फर्माने, खलिते, तनख्याच्या रकमा, आणि बादशहाच्या खर्चास पैसा पुरत नाही अशा तक्रारी. कविता विठ्ठल-कृष्णाकडे गेली, दिल्ली हिशोबाच्या वहीत राहिली. मराठी वाङ्मयाने दिल्लीला कधी अनुभवाचा विषय केले नाही, हे या दोन कवींच्या तुलनेत जितके स्पष्ट होते तितके क्वचित अन्यत्र होईल. पानिपतावर पुढे कादंबऱ्या झाल्या. विश्वास पाटलांची १९८८ ची ‘पानिपत’ घरोघर वाचली गेली. पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तीस वर्षे ज्या किल्ल्याच्या कारभारात मराठी माणसे वावरली, त्या किल्ल्यातील मराठी जीवनावर सांगण्यासारखी एकही मोठी कृती मराठीत नाही.

११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजच्या रानात शिंद्यांच्या फौजेचा लेकने पराभव केला. त्यानंतर पाच दिवसांनी तो किल्ल्यात आला तेव्हा वृद्ध, अंध शाहआलम एका फाटक्या लहानशा चांदव्याखाली बसलेला त्याला दिसला, असे इंग्रजी वृत्तान्त सांगतात. विजेत्याला पराभूताच्या काळातील दैन्य रंगवून सांगण्यात रस असतो, हे ध्यानात घेऊनही त्या चांदव्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण दिसत नाही. १८५८ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत याच दिवाण-ए-खासमध्ये बहादुरशहावर खटला चालला. आज वर दिसणारी लाकडी तक्तपोशी रंगविली गेली ती १९११ मध्ये. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पंचम जॉर्जचा दरबार दिल्लीत भरला होता. प्रवासी मान वर करून जी सोनेरी नक्षी पाहतो आणि जिच्यावरून गेलेल्या रुप्याची कल्पना करतो, ती त्या रंगाची आहे.